दहाच्या खुणेचं पाणी

"साहेब, माणूस खोटं बोलेल, तराजू खोटं बोलेल. हाड नाही खोटं बोलायचं!"

हे वाक्य कानावर पडलं तेव्हा गोदूचे दोन्ही हात कोपरापर्यंत मोरीत बुडालेले होते. मोरी प्रयोगशाळेच्या मागच्या अंगाला. मधली भिंत नुसत्या फळ्यांची, आणि ती छतापर्यंत गेलेलीसुद्धा नाही. त्यामुळे पलीकडे कोणी शिंकलं तरी अलीकडे 'देव बरं करो' म्हणायची पाळी यायची.

"बद्रुद्दीनभाई, हळू बोला. मी तुम्हांला चोर म्हटलं का?" हा दिनानाथ साहेबांचा आवाज.

"म्हटलं नाहीत, लिहिलंत! म्हटलेलं वाऱ्यावर जातं साहेब, लिहिलेलं कारखान्यात जातं. दिवाळीला माझ्या भुकटीत कॅल्शियम सव्वीस लिहिलंत. नाताळात तेवीस. संक्रांतीला वीस. आता शिमगा झाला तर सतरा! गिरणी तीच, हाडं तीच, मी तोच. हाडातला चुना काय सणासुदीला गावाला जातो?"

"ते मला काय विचारता? यंत्राला तुमचं नावगाव ठाऊक नाही. त्याला जेवढं दिसलं तेवढं ते सांगतं. भुकटीत खाडीची रेती पडली, तर आकडा उतरणारच."

"रेती?"

नंतर बद्रुद्दीनभाईचा आवाज आला तो अगदी बारीक होऊन. "बावीस वर्षं झाली मला हाडं दळताना. वास येतो म्हणून लोक नाक धरतात, धरोत बापडे. पण रेती घालतो असं आजवर कोणी बोललं नव्हतं. आता जुम्म्याच्या नमाजाला कुठल्या तोंडानं उभा राहू?"

दार आपटलं. गोदूनं मनातल्या मनात साहेबाला दोन शिव्या घातल्या. का घालणार नाही? बद्रुद्दीनभाईच्याच अंगणातल्या पडवीत ती राहत होती, आणि त्यांच्या बायकोच्या, खतीजाच्या हातची भाकरी रोज खात होती. शिवी घालून ती पुन्हा बाटल्या विसळायला लागली, तोच साहेब फळ्यांच्या भिंतीवरून डोकावले.

"गोदूबाई, त्या हाडांच्या चंबूंत लँथनमचं पाणी दहाच्या खुणेपर्यंत घालता ना?"

आणि गोदू म्हणाली, "व्हय साहेब. धाच्या खुणेपरत."

एवढंच. तिच्या जन्माची लाज एवढ्या चार शब्दांत मावली. कारण ती दहापर्यंत घालत नव्हती. दिवाळीनंतर सातपर्यंत घालू लागली, मग पाचपर्यंत, आणि शिमग्याला तीनवर आली होती.

आता हे पाणी काय आणि खूण काय, ते सांगायला हवं, नाहीतर गोदू उगीच वाईट ठरेल. वाईट ती नव्हती. चिकट होती म्हणा हवं तर.

गोदू रोडपालीकडची, मिठागरावर जन्मलेली. मिठागरावरच्या माणसाला चहूकडे पाणी, आणि प्यायला घोट नाही. गोडं पाणी लांबून डोक्यावरून आणायचं. एका हंड्यात घरची सहा तोंडं, भात, भांडी आणि आल्यागेल्याचे पाय. तिची आय म्हणायची, "हंडा रिकामा झाला तर बाईचा हात फुटका." कोणाला न कळता वाटी थोडी कमी भरायची आणि हंडा दुसऱ्या दिवसापर्यंत पोचवायचा, हेच तिथल्या मुलीचं शिक्षण. ते तिनं पुरं केलेलं होतं. शाळा बघितली ती लग्नाच्या वरातीतून, बाहेरूनच.

नवरा शिवा मिठाच्या होडीवर होता. तो गेल्यावर ती पनवेलला आली. बद्रुद्दीनभाई त्या प्रयोगशाळेत भुकटीचा नमुना घेऊन जायचे. त्यांनीच साहेबांना सांगितलं, "बाई साफ आहे, हात हलका आहे, काच फोडणार नाही." खरंच, चार वर्षांत तिनं एक काच फोडली नाही. फोडलं ते दुसरंच.

तिथं एक यंत्र होतं. ऑस्ट्रेलियाहून पेटीतून आलेलं. गोदूच्या डोळ्यांनी बघायचं तर ती एक लांबट चूल होती, निळ्या आचेची. नमुना पाण्यात विरघळवायचा, तो तुषारासारखा आचेत जायचा. आचेच्या एका अंगाला दिवा, दुसऱ्या अंगाला काटा. नमुन्यातलं कॅल्शियम आचेत सुटं झालं की दिव्याचा थोडा उजेड खायचं, आणि जितका उजेड खाल्ला तितका काटा हलायचा. काट्यावरून साहेब आकडा मांडायचे. मिठागरांचं मीठ, विहिरींचं पाणी, हाडांची भुकटी, सगळं त्या एका चुलीवर शिजायचं.

लांब मानेच्या काचेच्या चंबूंत नमुने भरून ठेवायचं काम हळूहळू गोदूकडे आलं. साहेबांनी एक तपकिरी बाटली दाखवली, खुणा असलेली काचेची नळी दाखवली आणि म्हणाले, "हाडांच्या प्रत्येक चंबूत यातलं दहाच्या खुणेपर्यंत."

"यानं काय व्हतं?" गोदूनं विचारलं. विचारायची तिला खोड होती.

"हाडात कॅल्शियम असतं, पण फॉस्फेट नावाचा एक सोबती त्याला घट्ट धरून बसलेला असतो. इतका घट्ट, की आचेतसुद्धा सोडत नाही. मग कॅल्शियम असतं आतच, पण यंत्राला दिसत नाही. आकडा कमी येतो."

"म्हंजे सासू सुनंला उंबऱ्याभायेर सोडत नाय, तसा?"

साहेबांना चार बहिणी. ते हसले. "तसाच. आणि हे लँथनम काय करतं, तर त्या फॉस्फेटला आपल्या अंगाला—"

"मुराळी!" गोदू म्हणाली. "भाव न्यायला आला की सासू त्याच्याशी बोलत बसते. तवर सून गाठोडं घेऊन मोकली."

साहेबांनी हसता हसता चष्मा काढून पुसला. "मी कॉलेजात दोन वर्षं घालवली हे कळायला," म्हणाले. तेव्हापासून त्या बाटलीचं नाव मुराळ्याचं पाणी. साहेबसुद्धा तेच म्हणायचे.

आणि इथंच घात झाला. बाटली परदेशची. पुढची मागवलेली बाटली बंदरात परवान्याच्या कागदात अडकली. दिवाळीच्या सुमारास साहेब बाटली उजेडात धरून स्वतःशीच म्हणाले, "ही गुढीपाडव्यापर्यंत पुरली म्हणजे मिळवली." ते स्वतःशी म्हणाले, पण गोदूनं ऐकलं. मिठागरावरच्या मुलीच्या कानात असलं वाक्य पडलं की हात आपोआप आखडतो. तिनं विचार केला, मुराळी मोठा भाऊ असला काय आणि धाकटा असला काय, सून सुटतेच की! सात घातलं. काही बिघडलं नाहीसं वाटलं. मग पाच. मिठाच्या आणि विहिरीच्या आकड्यांत काडीचा फरक पडला नाही, आणि पडेल कसा? तिथं सासूच नव्हती. हाडांत मात्र सासवा लाखोंनी. एकेकीशी बोलत बसायला एकेक मुराळी हवा, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं. एकदाच काय ते विचारायचं राहिलं.

बाटली मात्र पुरली. साहेब एकदा म्हणालेसुद्धा, "अजून आहे? वा!" त्या 'वा'नं गोदूला चार दिवस भूक लागली नव्हती, इतका आनंद. आता तेच आठवून भूक लागेना.

कारण साहेबांनी भिंतीवरून विचारलं त्या क्षणी तिला सगळं कळलं होतं. बाटली उतरत गेली तसा बद्रुद्दीनभाईचा आकडा उतरत गेला. इतकं काही ती खुळी नव्हती. तरी तोंडातून 'व्हय' गेलं. घाबरून गेलं, नोकरी जाईल म्हणून गेलं, काहीही म्हणा. पाणी कमी घातलं ती चूक. 'व्हय' म्हणाली ती चूक नव्हे. त्याला दुसरं नाव आहे, आणि ते गोदूला येत होतं.

त्या 'व्हय'वर सतराचा आकडा सही होऊन कारखान्यात गेला. कोंबड्यांच्या खाद्याचा कारखाना. चार दिवसांत भुकटीची पोती गाडीनं परत आली आणि बद्रुद्दीनभाईच्या अंगणात, गोदूच्या पडवीला टेकूनच, रचली गेली. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोत्यांचा वास यायचा. चार वर्षं त्या वासाचं तिला काही वाटलं नव्हतं.

बाजारात लोकांना तर करमणूकच हवी होती. "काय बद्रुशेट, गिरणी खाडीत नेली म्हणे? रेती घरपोच!" कोणी म्हणे, "कोंबड्यांनाच विचारा, दात पडले का." बद्रुद्दीनभाई एरवी उलट दोन ऐकवणारा माणूस. आता मान खाली घालून जायचा. शुक्रवारी नमाजाला मागच्या रांगेत उभा राहायचा, दाराजवळ, लवकर निघता यावं म्हणून.

आणि खतीजा रोज संध्याकाळी तांदळाची भाकरी नि बोंबलाचं कालवण गोदूपुढं ठेवायची. "तू तर तिथंच असतेस गो. तुला काय वाटतं? साहेबाचा काही डाव आहे का?"

"मना काय समजतंय त्यातलं," गोदू म्हणायची, आणि घास तोंडात फिरायचा.

"खा, खा. तुझं तोंड का उतरलंय? आमच्यासाठी जीव जाळू नको बाई."

ही माया म्हणजे विंचवाची नांगी. आज सांगू म्हणता म्हणता भाकरी संपायची, थाळी धुतली जायची. असे सतरा दिवस गेले. दिवस तिनं मोजले होते. आकडा सतरा आणि दिवसही सतरा, देवसुद्धा टोचायचं तर नेमकं टोचतो.

अठराव्या दिवशी सकाळी बद्रुद्दीनभाई अंगणात पोती उघडून बसले होते. मलमलचं फडकं घेऊन मूठमूठ भुकटी चाळत होते. आपण न घातलेली रेती शोधत होते! सापडत नव्हती, त्यानं जास्तच वेडे झाले. मग त्यांनी ताहेरला हाक मारली. ताहेर म्हणजे खतीजाचा धाकटा भाऊ, गिरणी तोच चालवायचा. चाळिशीचा, दाढीत पांढरा केस आलेला, सरळ माणूस.

"ताहेर, मी घातली नाही. मग राहिलास तू. खरं बोल."

"दुल्हेभाई, काय बोलताय?" बहिणीच्या नवऱ्याला तो याच नावानं हाक मारायचा.

"कुराणावर हात ठेवून सांग."

"ठेवतो," ताहेर म्हणाला. "ठेवतो की. पण तुम्ही मला ठेवायला लावलात हे लक्षात ठेवा." आणि एवढा मोठा माणूस पोत्यावर बसून रडायला लागला. खतीजा दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं, भावाकडं बघितलं आणि आत निघून गेली.

गोदूनं डोक्यावरचा पदर सावरला आणि प्रयोगशाळेच्या वाटेला लागली. त्या दिवशी ती चालली नाही, पळालीच म्हणा.

साहेब टेबलाशी होते. गोदू त्यांच्यासमोर उभी राहिली. "साहेब, मी धा घालत नव्हती. तीन घालत व्हती."

"काय तीन?"

"मुराळ्याचं पाणी. पुरवलं मी त्ये."

साहेब उठले. उरलेल्या भुकटीचा नमुना स्वतः घेतला, पाणी स्वतः घातलं, दहाच्या खुणेपर्यंत, नळी डोळ्यांसमोर धरून. यंत्र पेटवलं. निळी आच लागली. काटा हलला आणि पुढे गेला. सव्वीस.

"मी तुम्हांला विचारलं होतं," साहेब म्हणाले.

"इचारलं व्हतं."

"तुम्ही हो म्हणालात."

"म्हनली."

साहेब खुर्चीत बसले. मग म्हणाले, "आणि मी उठून बाटली बघितली नाही. महिनोन्‌महिने आकडा पायरी पायरीनं उतरतोय, रेती अशी मापून कोण घालतं? शिकलेला मी आहे." त्यांचे कान लाल झाले होते. गोदूला वाटलं होतं ओरडतील, हाकलतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हे इथंच राहू द्या," ते शेवटी म्हणाले. "मी कारखान्याला पत्र लिहितो."

पत्र लिहिलं त्यांनी. 'नमुना पुन्हा तपासला, समाधानकारक आढळला.' बस्स. का तपासला, आधी काय झालं होतं, अवाक्षर नाही. तोवर कारखान्यानं कल्याणचा दुसरा माणूस धरला होता. कागदावर बद्रुद्दीनभाईची रेती गेली, बाजारातली गेली नाही. पत्र कारखान्यात जातं, मोहल्ल्यात जात नाही. साहेब मोहल्ल्यात जाणार नव्हते. मग राहिलं कोण?

संध्याकाळी खतीजानं थाळी मांडली. गोदू बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगितलं, पाण्यापासून 'व्हय'पर्यंत. ताहेरही तिथंच होता.

बद्रुद्दीनभाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे पाणी पुरतं घातलं तर सव्वीस येतं?"

"आज आलं. मी बगितलं."

"या अल्लाह," ते म्हणाले आणि ताहेरचा हात धरला. ताहेरनं हात सोडवून घेतला नाही, पण बघितलंही नाही त्यांच्याकडे.

खतीजा मात्र शांत होती. "पाणी वाचवायला गेलीस, ते मी समजू शकते," ती म्हणाली. "मीसुद्धा तेल वाचवते. साहेबापुढं घाबरलीस, तेही समजते. पण सतरा दिवस गो? माझ्या चुलीपाशी बसून? माझ्या भावावर कुराणावर हात ठेवायची पाळी येईपर्यंत?"

गोदूनं पदर पुढे ओढला. एरवी बोलण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती.

"पडवी सोडते मी," ती म्हणाली.

"पडवी कशाला सोडतेस? पडवीनं काय केलंय?" खतीजानं थाळी उचलली. "तुझी चूल तू पेटव, एवढंच."

दुसऱ्या दिवसापासून गोदू आपली भाकरी आपण भाजू लागली. एकटीची भाकरी नेहमी जाड होते, म्हणायची ती.

पुढे महिन्या-दोन महिन्यांनी बद्रुद्दीनभाईंना लहानसहान गिऱ्हाइकं मिळू लागली. उरणकडचे कोंबड्या पाळणारे, भाजीच्या वाड्या करणारे. पण ज्याला त्याला प्रयोगशाळेचा कागद हवा. बद्रुद्दीनभाई म्हणाले, "त्या दारात मी पाऊल ठेवणार नाही." ताहेर म्हणाला, "मी तर मेलो तरी नाही." एका सकाळी गोदूच्या उंबऱ्यावर भुकटीची बाटली ठेवलेली होती, तोंडाला फडकं बांधलेली. मागे खतीजा.

"तू ने," ती म्हणाली. "आणि उभी राहून बघ."

महिन्याच्या पहिल्या सोमवारी नमुना न्यायचा, हा मग गोदूचा नेम झाला. नव्या बाटल्या आल्या होत्या, पाण्याला तोटा नव्हता. तरी ती नळी डोळ्यांसमोर धरायची, खुणेला पाणी टेकलं की मोठ्यानं "धा!" म्हणायची, भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं. दुसऱ्या चंबूला पुन्हा "धा!" पाहुणे आलेले असले तरी. साहेब कधी म्हणायचे, "गोदूबाई, कळलं हो." गोदू म्हणायची, "तुमाला कललं असंल." साहेब पुन्हा कधी हसले नाहीत त्या पाण्यावर. तिनंही त्याला मुराळी म्हणायचं सोडलं. लँथनम म्हणायला शिकली. जीभ वळायला आठ दिवस लागले.

खतीजा बोलू लागली हळूहळू. आधी पाण्यावरून, मग मासळीवरून, मग रंभाच्या बाळंतपणावरून. रंभा म्हणजे गोदूची लेक, जासईला दिलेली. तिच्यासाठी खतीजानं लाडू बांधून दिले. बोलणं परत आलं. थाळी नाही आली. गोदूनं मागितली नाही, खतीजानं मांडली नाही. ताहेर गिरणीवर राहिला, पण बद्रुद्दीनभाईंना 'दुल्हेभाई' म्हणेनासा झाला, नुसतं 'अहो' म्हणायचा. पाणी सातच मापं कमी पडलं होतं, पण काय काय आटवून गेलं!

एकोणसत्तर सालच्या दिवाळीत गोदूच्या पायांना सूज चढली. उभं राहवेना. प्रयोगशाळेतलं काम सुटलं, तिथं दुसरी बाई आली. तरी पहिला सोमवार सुटला नाही. रंभा आईला न्यायला आली होती. म्हणाली, "आये, आता ऱ्हाऊ दे. दुसरं कुनी नेईल."

"दुसरं कुनी न्यायचं म्हनून नाय ठेवलेलं त्ये," गोदू म्हणाली. "मंगलवारी येते जासईला."

त्या सोमवारी ती बाटली पदराखाली धरून निघाली. तळ्याच्या कडेनं, दोनदा कठड्यावर टेकत. प्रयोगशाळेत नव्या बाईनं स्टूल दिलं, ती बसली नाही. फळ्यांच्या भिंतीला हात लावून उभी राहिली आणि नव्या बाईच्या हाताकडे बघत राहिली, पाणी खुणेला टेकेपर्यंत, एकदा, आणि पुन्हा एकदा. साहेबांनी आकडा लिहिला, सही केली, कागद वाळवला. गोदूनं तो चार घड्या करून कमरेला खोचला.

घरी येईतो ऊन उतरलं होतं. खतीजा ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"आणलास?"

"आनला."

"ठेव तिथं, डब्याखाली. वाऱ्यानं उडेल नाहीतर."

गोदूनं कागद डब्याखाली ठेवला, रिकामी बाटली विसळून पालथी घातली, आणि भाकरीचं पीठ काढायला पडवीत गेली.